वैशूच्या नावाने दिलेला शब्द

डॉक्टरांनी पेन खाली ठेवले आणि म्हणाले, "मेजर डिप्रेसिव्ह डिसऑर्डर. म्हणजे तीव्र नैराश्य. हा आजार आहे. नाटक नाही, आळस नाही आणि बाहेरचेही काही नाही."

डिसेंबर १९९८. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका गल्लीतला पहिला मजला. एका खुर्चीवर माझी मुलगी वैशाली, वय पंधरा, दहावीत. दुसरीवर माझी पत्नी सुमन. मी उभा होतो, कारण खुर्च्या दोनच होत्या.

मी पहिला प्रश्न विचारला, "परीक्षेपर्यंत बरी होईल का?"

डॉक्टरांनी आधी माझ्याकडे पाहिले, मग वैशूकडे. तिने मान वर केली नव्हती. "कुठली परीक्षा?" त्यांनी विचारले.

"दहावीची. मार्चमध्ये आहे."

"ते नंतर बोलू," ते म्हणाले आणि चिठ्ठी लिहू लागले.

ज्या घरातले एखादे माणूस अचानक गेले आहे आणि त्याच घरात एक वाढते मूल आहे, त्या घरासाठी मी हे लिहितो आहे. मी एका दैनिकात जिल्हा पानाचा उपसंपादक होतो. घडले ते घडले त्या क्रमाने लिहिणे एवढेच मला येते.

आमचा मोठा मुलगा रणजित इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता. त्या वर्षी जूनअखेर तो मित्रांबरोबर मोटारसायकलवरून गगनबावड्याला गेला. परतताना एका वळणावर गाडी घसरली. मागून येणाऱ्या ट्रकला थांबता आले नाही. रणजित जागीच गेला. वीस वर्षांचा होता.

निधनाची बातमी मीच लिहिली. 'त्याच्या मागे आई, वडील, बहीण असा परिवार आहे. रक्षाविसर्जन गुरुवारी सकाळी नऊ वाजता.' असल्या बातम्या मी रोज दहा-बारा लावत असे. साचा पाठ होता. नाव घातले की काम संपते.

रक्षाविसर्जन गावी होते. आमचे गाव गगनबावड्याच्या रस्त्यावर, नदीकाठी. तिथे माझे थोरले बंधू शेती पाहतात. त्यांना सगळे आबा म्हणतात, मीही. भावकी जमली होती. नैवेद्य मांडला. रणजितला आवडायचे म्हणून कुणी मिसळ आणली होती, कुणी आम्लेट. कावळे समोरच्या झाडावर बसले होते. खाली एकही येईना.

अर्धा तास गेला. कावळा शिवला नाही तर गेलेल्याचे काहीतरी मागे अडकले आहे, असे आमच्याकडे मानतात. मग एकेक जण हात जोडून त्याला शब्द देऊ लागतो. रणजितचा मित्र रडत म्हणाला, "रण्या, गाडीला हात लावत न्हाय बघ आता." एक चुलती म्हणाली, "तुज्या आईला एकटी पाडत न्हाय बाळा." कावळे जागचे हलले नाहीत.

आबांनी माझ्या खांद्याला धरून मला पुढे केले. "ह्यांचं काय उपयोगाचं न्हाय. बापाचा शब्द पायजे त्येला. शिक्षान अर्धवट ऱ्हायलंय पोराचं, जीव त्यातच अडकलाय. बोल की!"

मी म्हणालो, "रणजित, तुझं इंजिनिअरिंग वैशू पुरं करील. माझा शब्द आहे."

एक कावळा खाली आला. त्याने आम्लेटला चोच लावली. लोकांनी सुटकेचा निःश्वास सोडला. बायका मोठ्याने रडू लागल्या. कुणीतरी "सुटला पोरगा" म्हणाले.

वैशू आईच्या मागे उभी होती. तिला कुणी विचारले नाही. मी तिच्याकडे पाहिलेही नाही. मी कावळ्याकडे पाहत होतो.

बारावे झाल्यावर आम्ही शहरात परतलो. वैशूचा अभ्यास रणजितच्या टेबलावर सुरू झाला. हे कुणी ठरवले ते आता सांगता येत नाही, बहुधा मीच. टेबलावर त्याचा आकृत्या काढायचा ड्राफ्टर तसाच होता. भिंतीवर त्याच्या हाताने लिहिलेले वेळापत्रक होते. ते आम्ही काढले नाही. सुमन खोली झाडायला जाई आणि कोपऱ्यात उभी राहून ते वाचत असे. वैशूला ती तिथे दिसत होती की नाही, मला माहीत नाही.

वैशू शाळेच्या खो-खोच्या संघात होती. गणितात ती साधारण होती. आबा महिन्यातून दोनदा बाजाराच्या निमित्ताने येत. दारातूनच त्यांची हाक येई, "काय विंजनेर, अभ्यास काय म्हनतोय?" ते प्रेमानेच म्हणत. पाहुण्यांसमोर ती चहा घेऊन आली की ओळख करून देत, "ही आमची विंजनेर. भावाचं पुरं करनार हाय." पाहुणे तिच्या डोक्यावर हात ठेवत. तिच्या गुडघ्याला खो-खोत खरचटलेले पाहून ते एकदा हसत म्हणाले, "उड्या मारून विंजनेर हुतंय व्हय कोन?" मी मान हलवली. दुसऱ्या दिवसापासून ती मैदानावर गेली नाही. मला वाटले, पोरीला समज आली.

जुलैअखेर तिचे पोट दुखू लागले. आमच्या घरच्या डॉक्टरांनी सीबीसी करायला सांगितली. सीबीसी म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी. ती ठीक आली. मग सोनोग्राफी, म्हणजे ध्वनिलहरींनी पोटातले अवयव पाहणे. तीही ठीक. शाहूपुरीतल्या लॅबमधून मी रिपोर्टची पाकिटे आणत होतो आणि प्रत्येकावर 'नॉर्मल' हा शब्द वाचून निश्चिंत होत होतो. आम्लपित्ताच्या गोळ्या आणि एक टॉनिक यांवर सप्टेंबर गेला.

या काळात काय काय बदलले, त्याची यादी नंतर डॉक्टरांनी आमच्याकडून करवून घेतली. रविवारी रश्श्याची वाटी ती बाजूला सारू लागली होती. पाळी दोन महिने चुकली होती. केस विंचरायला ती टाळाटाळ करी. पहाटे जाग येई आणि पुन्हा झोप लागत नसे. मैत्रिणी घरी येणे थांबले होते. यातली प्रत्येक गोष्ट आम्ही पाहिली होती. घरात माणूस गेल्यावर असे व्हायचेच, असे आम्ही एकमेकांना सांगत होतो. खरे तर आम्ही एकमेकांना फारसे काही सांगतच नव्हतो. सुमन आणि मी त्या सहा महिन्यांत गरजेपुरते बोलत असू आणि बोललो की भांडत असू. रणजितला गाडी कुणी घेऊन दिली, हा विषय. गाडी मी घेऊन दिली होती.

दिवाळीत आबा वैशूला गावी घेऊन गेले. शेजारच्या गावात एक देवऋषी बसतो. त्याने लिंबू उतरवले, अंगारा लावला आणि सांगितले, "पोरीवर भावाचीच सावली हाय. दिल्याला शब्द पुरा झाल्याबिगर सुटनार न्हाय." मला हे आबांनीच सांगितले. मी चिडलो नाही. शिकलेल्या माणसाने चिडायला हवे होते, हे मला कळत होते. पण मी म्हणालो, "अभ्यासाला लागली तर बरंच आहे."

त्या माणसाचे निदान चुकीचे होते. तरीही दुखण्याच्या मुळाशी तो आम्हा आईबापांपेक्षा जवळ पोचला होता.

नोव्हेंबरअखेर शाळेतून बोलावणे आले. मुख्याध्यापिकांनी गणिताच्या चाचणीची उत्तरपत्रिका पुढे ठेवली. वर नाव, तुकडी, क्रमांक, सगळे सुवाच्य अक्षरात. खाली चार पाने कोरी. "तीन तास हात बांधून बसली होती," त्या म्हणाल्या. "मी मारकुटी बाई म्हणून प्रसिद्ध आहे. पण हिला मी रागावले नाही. हिला मनाच्या डॉक्टरला दाखवा."

मी 'बघू' म्हणालो. घरी आल्यावर सुमनने पदर खोचला आणि विचारले, "तुमी येतासा, का मी एकटी न्हेऊ?"

म्हणून आम्ही राजारामपुरीत गेलो.

त्या गल्लीत खाली कोचिंग क्लास होते आणि वर दवाखाने. जिन्यावरून विद्यार्थी आणि पेशंट एकत्रच चढत. सुमनने शेजारणीला सांगितले होते, वैशूला गणिताचा क्लास लावलाय. प्रतीक्षागृहात एकमेकांच्या समोर कुणी बसत नव्हते. बाके भिंतीकडे तोंड करून ठेवली असावीत, तसे सगळे मान वळवून बसलेले असत. कंपाउंडर नाव न पुकारता नंबर पुकारत असे. पहिल्या दिवशी आमचा नंबर सतरा होता. दोन तास वाट पाहिली. या दवाखान्यात प्रत्येकाला वेळ लागतो. तुम्ही गेलात तर घाई करू नका. आत गेलेला माणूस कधी कधी आयुष्यात पहिल्यांदा बोलत असतो.

डॉक्टर गडहिंग्लजकडचे, घरात कन्नड बोलणारे. वैशूला ते 'अव्वा' म्हणत. अव्वा म्हणजे आई, पण सीमेकडे लहान मुलींनाही लाडाने तसे म्हणतात. त्यांनी अँटिडिप्रेसंट सुरू केले. हे नैराश्य कमी करणारे औषध. त्यांनी स्पष्ट सांगितले, "गुण यायला तीन आठवडे लागतात. सुरुवातीला थोडी सुस्ती येईल, मळमळेल. तिच्याकडे लक्ष ठेवा, तिला एकटी सोडू नका. आणि मला विचारल्याशिवाय एकही गोळी बंद करायची नाही." शेवटचे वाक्य त्यांनी दोनदा सांगितले, माझ्याकडे पाहून.

तीन आठवड्यांनी वैशूने पहिल्यांदा आपणहून केस धुतले. सुमनने मला ऑफिसात फोन करून ते सांगितले. मी एका अपघाताच्या बातमीचा मथळा करत होतो. "बरं," म्हणालो.

जानेवारीत पूर्वपरीक्षा होती. वैशू दुपारी पुस्तकावर डोके ठेवून झोपू लागली. आबांचा फोन आला. त्यांना गोळ्यांचे कळले होते. "झोपंच्या गोळ्या घालून पोरीचं डोस्कं मारून टाकतायसा. कळलं कुठं तर लगीन हुनार न्हाय तिचं. येड्यांच्या डाक्टरकडं जातीया म्हनतील. आन् शब्दाचं काय? चार मानसांत दिलायस तू."

गोळ्यांची पट्टी संपली. नवी आणायचे काम माझे होते. मी आणली नाही. सुमनने विचारले तेव्हा 'दुकानात नव्हती, उद्या येईल' म्हणालो. असे चार दिवस म्हणालो. मग नवी म्हणून तिला एक जुनीच पट्टी दिली. ती आम्लपित्ताची होती. महिनाभर परीक्षेपुरते थांबवू, मग पुन्हा सुरू करू, असा माझा हिशेब होता. डॉक्टरांना विचारले नाही, कारण ते काय म्हणतील हे मला माहीत होते.

वैशू दुपारी झोपायची थांबली. टेबलाशी ताठ बसू लागली. मी ते सुधारणा म्हणून पाहिले.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात, एका दुपारी, वैशूने स्वतःला संपवण्याचा प्रयत्न केला. कसा, ते मी इथे लिहीत नाही. पूर्वी आम्ही बातम्यांत ते लिहायचो. वस्तूचे नाव, खोली, वेळ, सगळे. कुणाच्या तरी पंधरा वर्षांच्या पोरीला ते वाचून कळत असेल, हे आमच्या टेबलावर कधी कुणी बोलले नाही. सुमन शेजारी हळदीकुंकवाला गेली होती. तिला करमले नाही म्हणून अर्ध्यातून परत आली. वैशू वाचली ती एवढ्यामुळे. माझ्यामुळे नाही.

खासगी रुग्णालयात दाखल केले. तिथे कागदावर लिहिले गेले, एमएलसी. मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांना कळवावे लागते असे प्रकरण. हवालदार जबाब घ्यायला आला. तो मला ओळखत होता. त्याने टोपी काढून हातात धरली. संध्याकाळी आमच्याच गुन्हे वार्ताहराचा फोन आला. पोलिसांकडच्या यादीत त्याला नाव दिसले होते. "साहेब, ही आपली वैशालीच का? काय करू?"

"घेऊ नको," मी म्हणालो.

तेवढी एक बातमी मी दाबली. त्याआधी दुसऱ्यांच्या मुलांच्या अशा बातम्या मी नाव, वय, गल्लीसकट छापल्या होत्या. कारण म्हणून शेवटी एक ठरलेले वाक्य असे: 'परीक्षेच्या भीतीने हे कृत्य केल्याचे समजते.' कुणाला समजते, हे आम्ही कधी तपासले नाही.

सुमनला पट्टीचे रुग्णालयात कळले. तिथल्या डॉक्टरांनी औषधे दाखवायला सांगितली आणि तिने पर्समधून ती पट्टी काढून दिली. डॉक्टरांनी उलटीसुलटी करून पाहिली. "ही पित्ताची गोळी आहे," ते म्हणाले. सुमनने माझ्याकडे पाहिले. कॉरिडॉरमध्ये आल्यावर ती ओरडली नाही. "पोरीला गहाण टाकलासा तुमी," ती म्हणाली. "नदीवर एकदा. आन् घरात रोज."

वैशू नऊ दिवस रुग्णालयात होती. पहिले तीन दिवस ती भिंतीकडे तोंड करून पडून होती. राजारामपुरीतले डॉक्टर रोज दुपारी येत, स्टूल ओढून बसत आणि आम्हाला बाहेर काढत. पहिल्या दिवशी ते दहा मिनिटांत बाहेर आले. दुसऱ्या दिवशी वीस. पाचव्या दिवशी दीड तास. मी बाकावर बसून समोरच्या फळ्यावरची आठ डॉक्टरांची नावे वाचत होतो.

बाहेर आल्यावर त्यांनी आम्हा दोघांना एका रिकाम्या खोलीत नेले. "तिला विचारूनच सांगतो आहे," ते म्हणाले. "तुमच्या मुलीला परीक्षेची भीती नाही. तिचं म्हणणं काय आहे, तिच्याच शब्दांत सांगतो. 'मी नापास झाले तर दादा परत अडकंल.' पंधरा वर्षांच्या पोरीला वाटतं आहे की भावाचा जीव तिच्या गणिताच्या मार्कांवर टांगलाय. गणित तिला येत नाही. म्हणजे तीच त्याला अडकवणार. मग तिने ठरवलं, पेपर द्यायला आपण उरायचंच नाही. नापास होण्याचा प्रश्नच राहणार नाही."

सुमनने तोंडात पदर कोंबला.

डॉक्टरांनी एक शब्द सांगितला, कॉम्प्लिकेटेड ग्रीफ. अडकून पडलेले दुःख. नेहमीचे दुःख हळूहळू वाट काढते. याची वाट कुणीतरी बंद केलेली असते. वैशू भावासाठी एकदाही रडली नव्हती. तिला तेवढी सवड नव्हती. तिला त्याचे काम पुरे करायचे होते.

"मी तिला सांगतो," मी म्हणालो. "आज सांगतो, इंजिनिअर व्हायचं नाही तुला. संपलं."

डॉक्टरांनी मान हलवली. "अहो, शब्द तुम्ही शंभर लोकांदेखत दिलात. खोलीचं दार लावून मागे घेतलात तर ती मानणार नाही. तिला वाटेल, पप्पा माझी समजूत घालतायत. जिथे दिला तिथे, ज्यांच्यासमोर दिला त्यांच्यासमोर परत घ्यावा लागेल. जमेल का तुम्हाला?"

मी लगेच हो म्हणालो नाही. हे नोंदवून ठेवले पाहिजे. मुलगी पलीकडच्या खोलीत सलाइन लावून पडली होती आणि मी भावकीचा विचार करत होतो.

मार्चच्या परीक्षेला वैशू बसली नाही. गोळ्या सुरू झाल्या. त्या सुमन स्वतः आणू लागली आणि स्वतः देऊ लागली. माझ्या हाती पट्टी येणार नाही, अशी तिची व्यवस्था होती. दर आठवड्याला राजारामपुरी. आता शेजारणीला क्लासचे सांगितले जात नव्हते. "डॉक्टरकडं," सुमन सरळ म्हणायची. "मनाच्या." शेजारीण पुढे काही विचारत नसे. काही महिन्यांनी तिनेच एका दुपारी हळू आवाजात त्या डॉक्टरांचा पत्ता मागितला.

वर्षश्राद्ध गावीच होते. जाण्यापूर्वी मी आबांना फोन करून काय करणार ते सांगितले. ते म्हणाले, "तसलं काय बोलायचं असंल तर येऊ नगंस." आम्ही तिघे एसटीने गेलो.

पूजा झाली. ओसरीवर आणि पडवीत पंगत बसली. भावकीतले बहुतेक सगळे होते. पाने वाढून झाली तेव्हा मी उभा राहिलो. चार महिने मनात घोळवलेले वाक्य ऐन वेळी आठवले नाही. जे बोललो ते असे: "गेल्या साली नदीवर मी रणजितला शब्द दिला, वैशूच्या नावानं. तिला विचारलं नव्हतं. दुसऱ्याच्या नावानं शब्द द्यायचा मला अधिकार नव्हता. तो मी सगळ्यांसमोर मागं घेतो. इथून पुढं तिला कुणी इंजिनिअर म्हणायचं नाही."

आबा पानावरून उठले. "जित्त्या मानसाला फसिवनारं लई बघितलं," ते म्हणाले. "मेल्याल्या पोराला फसिवनारा बाप पयलांदाच बघतोय. रणजितचा आत्मा काय म्हनत असंल रं?"

सुमन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. बावीस वर्षांत तिने आबांसमोर डोक्यावरचा पदर सरकू दिला नव्हता, मान वर करून बोलणे तर दूरच. ती ओसरीवर आली. "आबा," ती म्हणाली, "मेल्यालं पोरगं माजं हुतं. त्येच्या वतीनं तुमी बोलू नगासा."

आबा निघून गेले. थोड्या वेळाने कुणीतरी म्हणाले, "जेवा पावणं, भात निवतोय." लोक जेवले. वैशूने वर पाहिले नाही. तिने वरणभात चिवडला आणि थोडा खाल्ला. रडली नाही, कुणाच्या गळ्यात पडली नाही. असे काही होईल, अशी माझी अपेक्षा होती हे मला तेव्हा कळले.

परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसली होती. काचेच्या फटीतून पाऊस गळत होता. अर्ध्या वाटेवर तिने विचारले, "आन् दादा अडकला तर?"

हा प्रश्न येईल, असे डॉक्टरांनी बजावले होते. असले काही नसते, असे सांगू नका. ती मानणार नाही. आणि खोटा दिलासाही देऊ नका, तो तिला लगेच ओळखू येईल. मी म्हणालो, "मला ठाऊक न्हाय, वैशू. पण अडकला तर तो माझा पोरगा हाय. त्याचं मी बघीन. ते काम तुझं न्हाय."

ती पुन्हा खिडकीकडे वळली. तिचे खांदे हलू लागले. सुमनने तिला जवळ घेतले नाही. नुसता पाठीवर हात ठेवला आणि कोल्हापूर येईपर्यंत काढला नाही. रंकाळा स्टँडला उतरल्यावर वैशू म्हणाली, "भेळ खाऊया? तिखट नको पण." वर्षभरात तिने मागितलेली ती पहिली गोष्ट होती.

त्या दिवशी ती बरी झाली नाही. हे सांगणे मला गरजेचे वाटते, कारण अशा हकिकती वाचून लोकांना वाटते, एक प्रसंग घडतो आणि माणूस उठून बसते. गोळ्या दीड वर्ष चालल्या. मध्ये दोनदा आजार उलटला. डॉक्टर त्याला रिलॅप्स म्हणत, म्हणजे बरे होत आलेले दुखणे परत येणे. पुढच्या मार्चला ती दहावीला बसली आणि गणितात काठावर पास झाली. अकरावीला तिने गणित घेतले नाही. आता ती लॅब टेक्निशियन आहे. शाहूपुरीत रोज लोकांचे रक्त काढते आणि रिपोर्ट देते. आबा आमच्याकडे आले नाहीत ते अजून आलेले नाहीत. मीही गेलो नाही.

ज्या घरांत असे घडते आहे, त्यांना मला थोडेच सांगायचे आहे. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे मूल ठीक आहे, असे नाही. गोळ्या सुरू झाल्यावर डॉक्टरांवर शहाणपण करू नका. मूल एकदम शांत आणि शहाणे झाले, तर खूश होण्याआधी त्याच्याशी बोला. गेलेल्याची जागा, टेबल, शिक्षण, नाव, यातले काहीही राहिलेल्याच्या अंगावर घालू नका. ते त्याला ढगळ होईल आणि तुम्ही घातले म्हणून तो ते काढणारही नाही.

ज्यांचे उपकार आहेत, ती नावे मी छापत नाही. एक मारकुट्या मुख्याध्यापिका, ज्यांनी रागावायचे टाळले. एक डॉक्टर, ज्यांनी स्टूल ओढून दीड तास ऐकले. आणि हळदीकुंकू अर्ध्यावर सोडून आलेली सुमन. सुमन माझ्याशी बोलते. बाजाराचे, पाहुण्यांचे, गॅसच्या नंबराचे. रणजितबद्दल ती वैशूशी बोलते. मी आत आलो की विषय बदलतो.

वैशूने मला माफ केले आहे का, हे मी तिला विचारलेले नाही. विचारले तर ती हो म्हणेल. ती तशीच आहे. पण तेही तिने माझ्यासाठी दिलेले असेल, आणि तिच्याकडून आणखी काही घ्यायचा मला हक्क नाही. म्हणून विचारत नाही.